फुटाचा दर आणि भिंतीचा खर्च

दिवाळीचे वहीपूजन आटोपले आणि जमिनीतील पावसाळी ओल उतरली, की पेठेतील घराघरांतून राहून गेलेल्या दुरुस्त्यांच्या गोष्टी निघू लागतात. त्यांत पुष्कळदा पहिला क्रमांक लागतो तो कुंपणाचा. लोखंडी अँगल बुडाशी गंजलेले असतात, काटेरी तार दोन ठिकाणी तुटून लोंबत असते, आणि घरातील मुलाचे लग्न पुढल्या वर्षी ठरण्याच्या बेतात असते. मग ओळखीचा ठेकेदार येतो, ओट्यावर बसून चहा घेतो आणि एक आकडा सांगतो, ‘फुटाला साडेबाराशे पडतील, शेठजी.’ घरचा कर्ता पुरुष मनातल्या मनात गुणाकार करतो, एक गोल रक्कम मनाशी धरतो, आणि काम सुरू होते.

आश्चर्य वाटते ते याचे, की हाच गृहस्थ दुकानात तुरीचे पोते घेताना अडत, हमाली, तोलाई, वाहतूक, घट आणि बारदान यांची वेगवेगळी मांडणी केल्याशिवाय भाव ठरवीत नाही. माल गोदामात येऊन पडेपर्यंत त्याला किलोमागे काय बसले, हे त्याला पैशापर्यंत ठाऊक असते. घराच्या भिंतीच्या बाबतीत मात्र तो ठेकेदाराच्या एका आकड्यावर विसंबतो. तो आकडा खोटा असतो असे नव्हे. तो केवळ उभ्या भिंतीचा असतो. फाटक, रंग, जुन्या कुंपणाची मोडतोड, मोजणी आणि जमिनीच्या पोटात निघणारे काम यांचा त्यात समावेश नसतो, आणि हे सर्व खर्च काम अर्ध्यावर आल्यानंतर एकेक करून पुढे येतात. त्या वेळी हात आखडता घेणे शक्य नसते, म्हणून पैसा जवळ असेल तेथून उचलला जातो. व्यापाऱ्याच्या घरी तो सर्वांत जवळ कोठे असतो, हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात दराने न करता मापाने करावी. दर गावागावाला आणि महिन्यामहिन्याला बदलतात, परंतु मापे स्थिर असतात.

आणि माप म्हटले की पहिला प्रश्न भिंत कोठे बांधावयाची हा येतो. जुन्या तारेच्या जागी, असे उत्तर बहुतेक घरांत मिळते. ते उत्तर धोक्याचे आहे. तारेचे कुंपण घालताना कोणी फारसे मोजत नाही. झाड आडवे आले, खडक लागला, नाला वाचवावयाचा होता, अशा कारणांनी ते हद्दीच्या आत वा बाहेर सरकलेले असते. समजा, साठ फूट लांबीच्या बाजूवर कुंपण दीड फूट आत घेतलेले आहे. त्याच रेषेवर पक्की भिंत उभी राहिली, तर नव्वद चौरस फूट जागा कायमची बाहेर गेली. चौरस फुटाला दोन हजार रुपये भाव धरला, तरी हा तोटा एक लाख ऐंशी हजारांचा होतो, आणि तो कोणत्याही वहीत दिसत नाही. शिवाय शेजाऱ्याने ती जागा उघडपणे व मालकी हक्काने वापरली, तर १९६३ च्या मुदत कायद्यातील बारा वर्षांची मुदत त्याच्या बाजूने धावू लागते. रेषा उलट दिशेने चुकली, तर शेजाऱ्याच्या जागेत गेलेली भिंत पाडण्याचा हुकूम आज ना उद्या येऊ शकतो, आणि पाडण्याचा खर्चही आपल्याच माथी बसतो.

याला उपाय एकच. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी रीतसर अर्ज करावा. शहरातील मिळकत असल्यास नगर भूमापन कार्यालयाकडे मिळकत पत्रिकेसह, अन्यथा सातबारा उताऱ्यासह अर्ज होतो. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, मोजणीच्या दिवशी सर्वांच्या समक्ष खुणा दाखविल्या जातात आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत हाती येते. लवकर मोजणी हवी असल्यास शुल्क अधिक असते. म्हणून घाईच्या मोजणीवर पैसे खर्च करण्यापेक्षा काम काढण्याच्या तीन-चार महिने आधी साधा अर्ज टाकणे शहाणपणाचे. मोजणीचे पैसे वाचविणाऱ्या मंडळींना वरील नव्वद चौरस फुटांचा हिशेब एकदा दाखवावा.

समोरच्या बाजूस आणखी एक रेषा असते, ती रस्त्याची. नगरपालिकेच्या विकास योजनेत रस्ता रुंद होणार असेल आणि ती रेषा अंगणातून जात असेल, तर आज बांधलेली पुढची भिंत उद्या पडणार हे निश्चित समजावे. नगररचना विभागात जाऊन ही चौकशी करण्यास अर्धा दिवस पुरतो. तेथेच परवानगीचा आणि उंचीचा नियमही विचारून घ्यावा. राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत कुंपणभिंतीची उंची समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून साधारणतः १.५ मीटर धरलेली आहे, म्हणजे पाच फुटांना जवळजवळ एक इंच कमी. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीदार, मोकळा ठेवल्यास ती २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडास वळणावरील वाहने दिसावीत म्हणून याहून कडक मर्यादा आहे. डोक्याइतकी बंद भिंत हवी असा आग्रह घरात असेल, तर हा नियम आधी ठाऊक असलेला बरा. वरचे दोन थर उतरविण्याची मजुरी चढविण्याच्या मजुरीइतकीच लागते.

आता प्रत्यक्ष हिशेब. चाळीस फूट रुंद आणि साठ फूट खोल असा तालुक्याच्या गावात नेहमी आढळणारा भूखंड घ्यावा. त्याचा परिघ दोनशे फूट. समोर बारा फुटांचे मोठे फाटक आणि तीन फुटांचे लहान फाटक वजा जाता भिंत १८५ फूट उरते. उंची पाच फूट. दर दहा फुटांवर एक याप्रमाणे वीस खांब, खाली जोडणारी पट्टी, मध्ये साडेचार इंची विटांचे बांधकाम आणि वर पाणी निथळण्यासाठी उतरता थर, असा हा नेहमीचा प्रकार आहे.

विटांचे बांधकाम १८५ गुणिले ५ गुणिले पावणेचार दशांश, म्हणजे ०.३७५ फूट, असे सुमारे ३४७ घनफूट होते. सांध्यासह नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड वीट धरली, तर घनफुटास चौदा विटा लागतात. तूटफूट धरून ५,१०० विटा मागवाव्या लागतील. हीच भिंत नऊ इंची केली तर विटा थेट दुप्पट होतात. ‘नऊ इंची मजबूत’ हे वाक्य ऐकताच होकार देणाऱ्यांनी या दुपटीचा विचार करावा. खांब आणि पट्टी नीट असतील, तर पाच फुटांच्या घरगुती भिंतीस साडेचार इंच पुरतात की नाही, हे अभियंत्याला विचारावे, गवंड्याला नव्हे.

खांब, त्यांचे पाये, पट्टी आणि वरचा थर मिळून काँक्रीट सुमारे तीन ब्रास भरते. पायाखालचा भराव, बांधकाम आणि दोन्ही बाजूंचा गिलावा धरून सिमेंट ११० पोत्यांच्या आसपास, लोखंडी सळई साडेपाचशे किलोंच्या आसपास, वाळू साडेतीन ब्रास आणि खडी तीन ब्रास. सळईच्या बाबतीत एक साधे सूत्र घरातील प्रत्येकाने पाठ करावे. व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. दहा मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो भरते. बिलातील वजन आणि आलेल्या सळयांची लांबी यांचा मेळ यावरून पाच मिनिटांत बसतो. धान्याच्या काट्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाने येथे डोळे मिटून घेण्याचे कारण नाही.

या मापांना पुढे दर लावले आहेत ते केवळ मांडणी समजावी म्हणून. प्रत्येकाने आपल्या गावचे चालू दर घालावेत. सिमेंटचे पोते ३८० रुपये धरले तर ४१,८०० रुपये. सळई ६० रुपये किलोने ३३,००० रुपये. वीट ९ रुपयांनी ४५,९०० रुपये. वाळू ब्रासला ४,५०० रुपयांनी १५,७५० आणि खडी ३,५०० रुपयांनी १०,५०० रुपये. साहित्याची बेरीज १,४६,९५० रुपये. खोदाईपासून गिलाव्यापर्यंतची मजुरी फुटाला ४५० रुपयांनी ८३,२५० रुपये. येथवरची बेरीज २,३०,२०० रुपये होते, आणि तिला १८५ ने भागले तर फुटाला १,२४४ रुपये येतात. म्हणजे ओट्यावर बसून साडेबाराशे सांगणाऱ्या ठेकेदाराने मुळीच फसविलेले नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. दोन्ही फाटकांचे वजन अडीचशे किलो धरले आणि घडणावळीसह १२० रुपये दर धरला, तर ३०,००० रुपये. भिंतीच्या दोन्ही बाजू मिळून १,८५० चौरस फूट रंगकाम १५ रुपयांनी २७,७५० रुपये. जुने कुंपण काढणे, राडारोडा वाहून नेणे, फाटकाजवळच्या दिव्याची तार, बांधकामाच्या पाण्याचा टँकर आणि मोजणी यांसाठी २०,००० रुपये. बेरीज ३,०७,९५० रुपये. तिच्यावर अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे ३०,७९५ रुपये ठेवले, की आकडा ३,३८,७४५ रुपयांवर पोहोचतो. फुटाच्या दराने मनात धरलेली रक्कम सव्वादोन-अडीच लाखांची होती. प्रत्यक्षात तिच्यावर एक लाख आठ हजारांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मी भर पडली. एवढा फरक एखाद्या लहान दुकानाच्या एका हंगामाचा माल अडवू शकतो.

अनपेक्षित खर्चासाठी ठेवलेल्या रकमेकडे ‘उगाच वाढविलेला आकडा’ म्हणून पाहिले जाते. ती रक्कम कोठे जाते, हे जमिनीवर अवलंबून असते. जळगाव, लातूर, सोलापूर या बाजूंच्या काळ्या मातीत ती जाण्याची शक्यता अधिक. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया ठेवलेली भिंत दोन-तीन वर्षांत तिरक्या रेषांनी तडकते. अशा ठिकाणी खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, आणि मुरूम किती फुटांवर आहे हे आधी एक-दोन खड्डे घेऊनच कळते. ठेकेदाराशी करार करताना तीन फुटांच्या खाली जावे लागल्यास दर फुटाला काय आकारणार, हे लिहून घ्यावे. भिण्याचे कारण नाही. वीस खड्डे एक फूट अधिक खोल नेण्यास खोदाई १८० घनफुटांची आणि खांबांचे काँक्रीट अवघे सव्वाअकरा घनफुटांचे वाढते. सळईची भर पंचवीस किलोंच्या आत राहते. वर धरलेल्या दरांनी हा सर्व खर्च सात-आठ हजारांत बसतो. एवढे वाचविण्यासाठी लाखांची भिंत भुसभुशीत मातीवर ठेवणारे लोक आहेत, आणि तेच लोक फाटकावर सोनेरी टोके बसविण्यासाठी दहा हजार सहज देतात.

जमिनीचा आणखी एक नियम असा, की पाण्याची वाट अडवू नये. वरच्या अंगाच्या भूखंडातून येणारे पाणी भिंतीने अडले, तर ते पायात मुरते आणि शेजाऱ्याच्या अंगणात तळे साचते. बुडाशी ठराविक अंतरावर नळीचे तुकडे बसविण्यास काहीशे रुपये लागतात. हे बांधकाम चालू असतानाच करावयाचे असते. नंतर भिंत फोडून केलेले भोक कधीच नीट होत नाही.

कोकणात आणि गोव्यात गणित निराळे पडते. तेथे जांभा दगड जवळ मिळतो, त्याचा एकेरी थर पुरेसा जाड असतो आणि गिलाव्याशिवायही तो शोभतो, त्यामुळे गिलावा आणि रंग या दोन्ही रकमा गळून पडू शकतात. घाटावरच्या नातेवाइकाचे अंदाजपत्रक पाहून रत्नागिरीच्या घरी विटा मागविण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे सर्व बाजूंना सारखीच भिंत हवी, हा हट्टही तपासून पाहावा. मागील चाळीस फुटांना लोखंडी खांब आणि विणलेली जाळी लावून तिच्यावर मेंदीची वई वाढविली, तर खर्च पुष्कळ उतरतो, वारा खेळता राहतो आणि पक्ष्यांनाही आसरा मिळतो. सिमेंटच्या तयार पाट्यांची भिंत आठवडाभरात उभी राहते आणि मोकळ्या भूखंडाला उत्तम. राहत्या घराला ती किती मानवेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. भिंतीच्या माथ्यावर काचांचे तुकडे रोवण्याची पद्धत मात्र अंदाजपत्रकातून काढूनच टाकावी. चोराला एक जाड पोते टाकून त्या ओलांडता येतात. जखमी होतात ती मांजरे, खारी आणि चेंडू आणावयास चढलेली मुले.

भिंत दोन घरांच्या मध्ये उभी राहते, म्हणून तिच्या हिशेबात शेजाऱ्याचाही विचार येतो. साठ फुटांची एक बाजू सामाईक बांधावयाची ठरली, तर वरील दराने तिचा खर्च ७४,६४० रुपये होतो आणि निम्मा भार, म्हणजे ३७,३२० रुपये, कमी होतो. परंतु ही गोष्ट पाया खोदण्यापूर्वी बोलावयाची असते. भिंत उभी राहिल्यावर ‘तुमचाही फायदा झाला, अर्धे द्या’ असे म्हणणाऱ्यास कोणी पैसे देत नाही, आणि दिले तरी मनापासून देत नाही. सामाईक भिंत हद्दीच्या मध्यरेषेवर असेल, दोन्ही बाजूंचा गिलावा ज्याचा त्याने करावा, डागडुजी निम्मी-निम्मी आणि कोणीही तिच्यावर स्वतःचे छप्पर टेकवू नये, एवढी चार वाक्ये मुद्रांक कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवावीत. शेजारी तयार नसेल, तर भिंत पूर्णतः स्वतःच्या हद्दीत घ्यावी. अशा वेळी पायाचा पसाराही हद्दीबाहेर जाता कामा नये. तो एका बाजूला काढावा लागतो आणि त्याचा आराखडा वेगळा होतो. अभियंत्याला हे आधी सांगितले नाही, तर खोदाईच्या दिवशी भांडण ठरलेले.

जुन्या तारेच्या कुंपणात पुष्कळ घरी एक फट असते. तिच्यातून शेजारच्या काकू कढीपत्ता न्यायला येतात, आजीबाई दुपारी दोन घटका बोलायला जातात, आणि पापड लाटण्याच्या दिवसांत पोळपाटांची ये-जा चालते. पुरुष मंडळी अंदाजपत्रक करताना ही फट मोजत नाहीत. अडीच फुटांचे साधे लोखंडी फाटक तेथे ठेवावयाचे असेल, तर खर्च पाच हजारांच्या आत येतो. ठेवावे की नाही हा प्रश्न घरातील स्त्रियांना विचारावा, आणि तोही खांबांच्या जागा आखण्यापूर्वी.

आता पैसा कोठून आणावयाचा, हा व्यापारी कुटुंबाचा खरा प्रश्न. दुकानाचे कॅश क्रेडिट खाते उघडे असते, मर्यादेत जागा शिल्लक असते, आणि दोन धनादेश फाडले की सळई आणि सिमेंट दारात येते. ते खाते मालासाठी आणि उधारीसाठी दिलेले आहे. त्यातून तीन लाख चाळीस हजार भिंतीत गेले, की तेवढा माल गोदामात येत नाही आणि उधारीही वाढत नाही. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल कमी दिसतो, उचल करण्याचा अधिकार त्या प्रमाणात उतरतो आणि ऐन हंगामात बँक हात आखडते. दहा टक्के व्याज धरले, तरी वर्षाला चौतीस हजार रुपये केवळ व्याजात जातात. आणि घरासाठी वापरलेल्या रकमेवरील हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा मागता येत नाही. भिंत विकून पैसे परत येत नाहीत, मालाप्रमाणे ती फिरत नाही. म्हणून फिरत्या पैशातून ती बांधणे हे मुळातच विजोड आहे. अठरा महिने आधी ठरविले आणि दरमहा एकोणीस हजारांच्या आत रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर मुद्दलातच काम होते आणि व्याज वर राहते. तेवढा अवधी नसेल, तर मुदत ठेवीवर कर्ज घेणे वा घरदुरुस्तीचे वेगळे कर्ज घेऊन त्याची परतफेड घरखर्चातून करणे हे त्याहून स्वच्छ मार्ग आहेत.

दुसरा मोह वस्तू व सेवा कराचा. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे अंदाजपत्रक हाती असेल तर ते नव्याने करून घ्यावे. परंतु बिल दुकानाच्या नावाने आणि दुकानाच्या नोंदणी क्रमांकावर घेऊन कराची वजावट घ्यावी, असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. स्वतःसाठी बांधलेल्या स्थावर मालमत्तेच्या साहित्यावरील वजावट २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७ (५) ने रोखलेली आहे, आणि येथे तर घर हे धंद्याचे ठिकाणही नाही. काही हजारांसाठी संपूर्ण विवरणपत्रे तपासणीखाली आणण्यात कोणता नफा?

बिले घराच्या मालकाच्या नावानेच घ्यावीत, आणि घर वडिलांच्या नावे वा अविभक्त कुटुंबाच्या नावे असेल, तर पैसेही त्याच खात्यातून द्यावेत. याचे कारण पुढे, कदाचित वीस वर्षांनी, उघड होते. घर विकताना भांडवली नफा काढतेवेळी सुधारणेचा खर्च वजा मिळतो. पक्की भिंत ही सुधारणा आहे. रंग आणि डागडुजी नव्हे. तीन लाखांच्या खर्चाचा पुरावा हाती असेल, तर सध्याच्या १२.५ टक्के दराने ३७,५०० रुपये कर वाचतो. पुरावा म्हणजे बिल आणि बँकेतून झालेले प्रदान. रोखीने दिलेल्या मजुरीची साध्या कागदावरील पावती असेल, तर तिच्यावर तारीख, कामाचे वर्णन आणि सही असावी.

ठेकेदाराला पैसे देण्याचे टप्पेही आधी ठरवावेत. साहित्य स्वतः आणून मजुरी फुटावर देणे हा व्यापारी माणसाला सोयीचा मार्ग, कारण खरेदी हे त्याचेच क्षेत्र आहे. उचल थोडी द्यावी. नंतर पाया व पट्टी झाल्यावर, विटांचे बांधकाम झाल्यावर आणि गिलावा झाल्यावर असे हप्ते असावेत. मजुरीचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगावे, शेवटच्या दिवशी नव्हे. वरील उदाहरणात ही रक्कम ८,३२५ रुपये होते. गवंडी आणि बिगारी यांची रोजची मजुरी मात्र ठेकेदाराकडून वेळेवर जाते की नाही, इकडे घरमालकाने लक्ष ठेवावे. राखीव रक्कम ठेकेदाराच्या नफ्यातून रोखायची आहे, मजुराच्या भाकरीतून नव्हे.

पैसा कमी पडतच असेल, तर काय पुढे ढकलावे याचाही क्रम आहे. रंग पहिल्या वर्षी न दिल्यास काही बिघडत नाही. नवा गिलावा वाळण्यास नाही तरी महिनाभर द्यावाच लागतो. मागच्या बाजूचा गिलावा एक वर्ष थांबू शकतो. पायाची खोली, पट्टीतील सळई आणि बांधकामावर किमान सात ते दहा दिवस पाणी मारणे या तीन गोष्टींना हात लावू नये.

मोसमाचे म्हणाल, तर चातुर्मासात जमीन खोदण्याचे काम काढू नये ही अनेक घरांची जुनी रीत भिंतीलाही हितकारक आहे. पावसात खड्डे ढासळतात, वीटभट्ट्या बंद असतात आणि जमिनीतील जीवजंतूंचा संहारही अधिक होतो. वैशाखात काढले, तर पाणी मारण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. कार्तिकी पौर्णिमेनंतर खोदाई आणि माघाच्या अखेरीस गिलावा, असा बेत सर्व बाजूंनी जमतो.

एक बाब बहुतेक अंदाजपत्रकांत राहून जाते, ती जमेच्या बाजूची. जुन्या कुंपणाचे अँगल, तार आणि फाटक ठेकेदार ‘काढून नेतो’ म्हणतो, आणि लोखंडाचा भाव ठाऊक असूनही घरचे लोक ते जाऊ देतात. दोनशे फुटांच्या कुंपणाचे लोखंड काट्यावर तोलून भंगारवाल्याला द्यावे, त्याची पावती घ्यावी आणि ती रक्कम भिंतीच्याच खात्यात जमा धरावी. बुडाशी गंजलेले पण वर शाबूत असलेले आठ-दहा अँगल मात्र कापून बाजूला ठेवावेत. मागच्या जाळीला ते उपयोगी पडतील.